हात गुडघ्यावर, नजर समोर

आमच्या माजघरात पार आढ्याशी, वरून पुढे झुकलेला एक मोठा फोटो होता. त्याच्यामागे चिमण्यांचं घरटं, त्यामुळे दर उन्हाळ्यात पणजोबांच्या पगडीवर चार काड्या लोंबत असत. फोटोत माणसं अकरा. मधोमध खुर्च्यांवर पणजोबा आणि पणजी, दोघांचे हात गुडघ्यांवर पालथे, बोटं अशी ताठ की मास्तरांनी नखं तपासायला मागितली असावीत. मागे मुलगे नि सुना, पुढे सतरंजीवर पोरं. त्यातल्या एकाने ऐन वेळी मान हलवली आणि त्याला दोन नाकं आली. तो पुढे रीतसर नोकरी करून निवृत्त झाला, पण घरात शेवटपर्यंत 'दोननाक्या'च राहिला.

मला लहानपणी छळायची ती वेगळीच गोष्ट. पणजीच्या अंगावर पांढरं लुगडं होतं आणि कपाळावर काळं कुंकू. शेजारी नवरा धडधडीत बसलेला! आजीला विचारलं तेव्हा तिने "भलतंसलतं बोलू नये" म्हणून गप्प केलं. उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं, आणि ते आमच्या घराण्याच्या इतिहासात नव्हतं, फोटोच्या काचेत होतं.

फॅमिली फोटोत कसं बसायचं, काय नेसायचं, याचे जे नियम आपण घराण्याचा रुबाब म्हणून सांगतो, त्यातले बरेचसे कॅमेऱ्याच्या अडचणीतून आलेत. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटायला मिनिटं लागत. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कलोडियनचं द्रावण फासलेली ओली काच आणली, आणि वेळ सेकंदांवर आला. पण स्टुडिओतले पाच-दहा सेकंद म्हणजे काय, ते पापणी न लववता बसून बघावं. हसू तेवढा वेळ टिकत नाही. चौथ्या सेकंदाला गाल थरथरतात आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा दिसू लागतो. तोंड मिटून बसणं सगळ्यात सोपं. आपले पूर्वज फोटोत करारी दिसतात, त्यात निम्मा करारीपणा या काचेचा आहे. (उरलेला निम्मा खरा असावा. पणजोबांबद्दल तरी तसंच ऐकलंय.)

हातांचंही तेच. मोकळा हात हलतो, म्हणून त्याला टेकू द्यायचा: गुडघा, टेबल, खुर्चीची पाठ, हातातली काठी. शिवाय पुढे आलेला हात त्या भिंगातून सुपाएवढा दिसे, त्यामुळे तो अंगालगत ठेवणंच बरं. उभ्या माणसाचं डोकं डुलू नये म्हणून मागून मानेला धरणारा लोखंडी चिमटा असे. जुन्या फोटोंमध्ये उभ्या माणसाच्या टाचांमागे चिमट्याची बैठक डोकावते. नवरा खुर्चीत आणि बायको खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी, ही पोझ युरोपातल्या स्टुडिओतही सर्रास होती. तिथून आली, आणि आपल्याकडच्या मानपानात इतकी चपखल बसली की आपलीच वाटू लागली.

मला सगळ्यात गंमत वाटते ती अर्धवर्तुळाची. व्हिएन्नाच्या पेट्झवालने १८४० साली माणसांच्या फोटोसाठी वेगवान भिंग काढलं. त्यातून मधला भाग लख्ख येई, कडा मात्र धूसर. म्हणून ग्रुप काढताना टोकाची माणसं थोडी पुढे, कॅमेऱ्याकडे सरकवून रांगेला कमान द्यायची, की तीही रेखीव येत. शाळेच्या वार्षिक फोटोत खुर्च्या कमानीत मांडणाऱ्या शिपायाला पेट्झवाल ठाऊक नसतो, पण मांडतो मात्र त्याच्याच रीतीने. मधोमध बसलेलं माणूस सगळ्यात स्पष्ट दिसणार, हे भिंगानेच ठरवलेलं. तिथे कर्त्या माणसाला बसवायचं, एवढं आपण ठरवलं.

मुंबईत ही विद्या लवकर आली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली निघाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे धंदेवाईक फोटोग्राफर झाले. याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचं दोन खंडी पुस्तक काढलं. पहिला खंड १८६३ चा, दुसरा, महाराष्ट्राचा, १८६६ चा. त्यातल्या चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला. म्हणजे मागचा पडदा खोटा असावा हेही सुरुवातीपासूनचंच! आणि अंगभर पोशाख, दागिने दिसतील असं समोर बसवणं ही साहेबाला जात ओळखण्याची सोय होती. आपण तीच बैठक घरच्या भिंतीसाठी उचलली.

अर्थात लोक काही लगेच धावत स्टुडिओत गेले नाहीत. मराठीत फोटो 'काढतात'. चित्र काढतात तसा, पण विहिरीतून पाणीही काढतातच. माणसातून काहीतरी काढून घेतलं जातं, आयुष्य घटतं, ही धास्ती पुष्कळ काळ होती. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके फोटोचा धंदा करत. बडोद्यात तो नीट चालला नाही, त्याचं एक कारण हीच अफवा म्हणून सांगतात.

आता कपड्यांकडे. त्या ओल्या काचेला निळा रंग भडक उजेडासारखा दिसे, पिवळा काळवंडे आणि लाल दिसतच नसे. पुढे सुक्या काचा आल्या, त्यांना हिरवा-पिवळाही थोडाफार कळू लागला, पण लालाबाबत त्याही आंधळ्याच. निळं झालं पांढरं, लाल झालं काळं. म्हणून फोटोग्राफर सांगत, पांढरं, फिकं निळं नको, गडद घाला. आपल्याकडे धोतर-उपरण्यापुढे कोण काय सांगणार! त्यामुळे कितीतरी फोटोंत पणजोबांचं धोतर म्हणजे चुन्याचा एक लोट, त्याखाली मोजे नि बूट, आणि वर काळ्या कोटात बुडालेला माणूस. बायकांचं सोनंही मंद पडे. मग छापलेल्या फोटोवर कुंचल्याने सोनेरी ठिपके देणारा कलाकार असे. मोती मात्र आपसूक झळकत. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांना फोटोत जो मान मिळाला, त्यात मोत्याच्या पांढरेपणाचा वाटा मोठा असावा असं मला आपलं वाटतं. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून, हलव्याचे दागिने घालून स्टुडिओत नेत. काळ्यावर शुभ्र हलवा! कृष्णधवल फोटोसाठी याहून नेमका वेश कुणाला सुचला नसता, आणि तो फोटोसाठी मुळी सुचलेलाच नव्हता.

नेसायचं कसं, उभं राहायचं कसं, याचे नमुने छापील चित्रांतून आणि रंगभूमीवरून येत. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नऊवारीतल्या देवी घरोघर पोचल्या. मग बालगंधर्व आले. त्यांच्या स्त्रीभूमिकांतल्या पेहरावाची, दागिन्यांची, फुलं माळण्याची नक्कल घरंदाज बायका करत. म्हणजे त्या काळच्या एखाद्या आजीची फोटोतली खानदानी अदा ही कदाचित एका पुरुषाने घालून दिलेली आहे. मागचा पडदाही नाटकातल्यासारखाच: खांब, कठडा, पायऱ्या, लांबवर तळं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे १९१० च्या पुढे नाटक कंपन्यांचे असे पडदे रंगवण्यात अग्रेसर होते. दोन खणांच्या बिऱ्हाडातली माणसं त्या राजवाड्यापुढे बसत, आणि पायाखाली सतरंजी मात्र सोलापुरी.

हसू आलं ते फार नंतर, उन्हात. क्लिक थ्री हा आगफाचा कॅमेरा बडोद्यात बनू लागला आणि मध्यमवर्गाच्या हाती आला. एका रोलमध्ये बारा फोटो. त्याला ऊन लागे, म्हणून फोटो काढणारा सूर्याकडे पाठ करून उभा राही आणि सगळं कुटुंब सूर्याकडे तोंड करून. त्या काळच्या अंगणातल्या फोटोंत जे हसू म्हणून दिसतं, ते बऱ्याचदा डोळे किलकिले करणं आहे. आता लग्नात सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालून एकदम उडी मारायची असते. माझ्या गुडघ्यांचं मत कोणी विचारत नाही.

गेल्या दिवाळीत भाच्याने माजघरातला तो फोटो मोबाईलवर घेतला आणि कुठल्याशा अ‍ॅपकडून रंगवून आणला. पगडी तांबडी झाली, सतरंजीला पट्टे आले, दोननाक्याची दोन्ही नाकं गुलाबी झाली. पणजीचं लुगडं अ‍ॅपने हस्तिदंती पांढरं ठेवलं, काठ काळे, कुंकू काळं. सगळे वा वा म्हणत होते. आई काही न बोलता आत गेली आणि कपाटातली जुनी गोधडी घेऊन आली. पणजीच्या लुगड्यांच्या तुकड्यांची, आजीने शिवलेली. एका कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं. विटलेला अस्मानी, आणि त्याला बोटभर लाल काठ.

"हे," ती म्हणाली. "फोटोच्या दिवशीचं."

भाच्याने मोबाईल गोधडीशेजारी धरला. मग विचारलं, "आणि कुंकू?"

आईने नुसतं काठाकडे बोट केलं.