ऑपेरा विकला गेला तेव्हा

१० फेब्रुवारी २०१६ रोजी नॉर्वेमधून बातमी आली की ऑपेरा सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घ्यायला काही चिनी कंपन्यांचा गट तयार आहे. गटात कुनलुन ही गेमच्या धंद्यातली कंपनी होती, चिहू ३६० ही अँटीव्हायरसवाली होती, आणि सोबत पैसा लावणारे होते. किंमत १२० कोटी डॉलर, म्हणजे शेअरमागे ७१ क्रोनर. संचालक मंडळाने भागधारकांना सल्ला दिला: घेऊन टाका. मे महिन्यापर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त शेअरवाल्यांनी होकार कळवलाही.

हा झाला भागधारकांचा भाग. ब्राउझर वापरणाऱ्यांना कोण विचारतो! पण त्यांनी न विचारताच आपलं मत सांगितलं, आणि ते चांगलंच जळजळीत होतं. त्यात ढोबळमानाने तीन गट होते. पहिला म्हणत होता, "माझे पासवर्ड आणि बुकमार्क आता बीजिंगला जाणार, मी चाललो." दुसरा म्हणत होता, "आता रडून काय उपयोग, ऑपेरा २०१३ मध्येच मेला." आणि तिसरा, संख्येने छोटा गट विचारत होता की अमेरिकन कंपन्यांच्या हाती सगळं दिलेलं चालतं, मग चिन्यांचंच एवढं काय?

गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पण ते समजायला जरा मागे जावं लागेल.

मुळात एका ब्राउझरवर (आपल्या जुन्या शुद्धलेखनी मित्रांच्या भाषेत 'न्याहाळका'वर) एवढा जीव का लावावा माणसाने? १९९४ साली टेलेनॉर या नॉर्वेच्या टेलिफोन कंपनीत योन फॉन टेट्झनर आणि गायर इव्हार्सॉय या दोघांनी हा प्रकल्प सुरू केला आणि १९९५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीच्या काळात ऑपेराची फाइल एका फ्लॉपीत मावायची. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या संगणकावरसुद्धा तो धावायचा. माऊस जरा तिरका ओढला की मागचं पान, स्पीड डायल, आतच बसवलेला ईमेल प्रोग्रॅम... आज ज्या गोष्टी सगळीकडे दिसतात त्यातल्या कित्येक इथे आधी रुळल्या. सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडणारे हॉकोन व्ह्युम ली हे पुढे याच कंपनीचे तांत्रिक प्रमुख झाले. म्हणजे वेबची पानं कशी दिसावीत याचे नियम ठरवणाऱ्यांत या छोट्या कंपनीचा शब्द होता.

शिवाय स्वभाव खोडकर. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एमएसएन संकेतस्थळ ऑपेराला मुद्दाम मोडकं पान पाठवतं असं लक्षात आलं, तर यांनी एक खास आवृत्ती काढली जी फक्त एमएसएनचं पान 'मपेट्स'मधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या अगम्य भाषेत दाखवायची! २००५ मध्ये टेट्झनरसाहेबांनी जाहीर केलं की नवी आवृत्ती चार दिवसांत दहा लाख लोकांनी उतरवली तर मी नॉर्वेहून अमेरिकेला पोहत जाईन. लोकांनी उतरवली. साहेब खरंच पाण्यात उतरले (आणि अर्थातच लवकरच बाहेर आले). पण नुसती थट्टा नव्हती. डिसेंबर २००७ मध्ये याच कंपनीने मायक्रोसॉफ्टविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. त्यातून २०१० मध्ये विंडोजवर 'ब्राउझर निवडा' अशी पाटी आली, आणि ती पाटी पुढे गायब झाली म्हणून २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी युरोंचा दंड बसला.

अशा कंपनीच्या वापरकर्त्याला आपण नुसते गिऱ्हाईक आहोत असं वाटत नाही. आपण एका बाजूचे आहोत असं वाटतं. २०१६ च्या संतापाचं मूळ इथे आहे.

आता दुसऱ्या गटाकडे येऊ, 'आधीच मेला'वाल्यांकडे. ब्राउझरचं इंजिन म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा भाग. बाकी बटणं, मेनू वगैरे त्यावरची रंगरंगोटी. २००३ पासून ऑपेराचं प्रेस्टो नावाचं स्वतःचं इंजिन होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने एकाच निवेदनात सांगितलं की आमचे ३० कोटी वापरकर्ते झाले, आणि आम्ही आमचं इंजिन सोडून क्रोमियमकडे जातो आहोत. कारण धंद्याच्या दृष्टीने समजण्यासारखं होतं. बहुतेक संकेतस्थळं मोठ्या ब्राउझरांवर तपासूनच बनवली जायची, आणि ऑपेराचे प्रोग्रॅमर दुसऱ्यांनी केलेल्या चुका आपल्या इंजिनात सांभाळत बसायचे. हे काम संपत नाही. ज्याने कधी दुसऱ्याच्या बिघडलेल्या कोडभोवती आपला कोड गुंडाळला असेल त्याला हे मी वेगळं सांगायला नको.

पण जुलै २०१३ मध्ये नवीन ऑपेरा १५ आला तेव्हा त्यात नेहमीचे बुकमार्कसुद्धा नव्हते! ईमेल वेगळा काढलेला. काही गोष्टी नंतर परत आल्या, पण विश्वास गेला तो गेला. मार्च २०१४ मध्ये कंपनीने 'माय ऑपेरा' ही वापरकर्त्यांची वसाहत बंद केली. लोकांची वर्षानुवर्षांची लिखाणं, फोटो, ओळखी तिथे होत्या. मुदतीत उचलून न्या, एवढंच सांगितलं. २०११ मध्येच कंपनी सोडलेल्या टेट्झनरनी विवाल्दी नावाने तशीच दुसरी जागा उभी केली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याच नावाच्या नव्या ब्राउझरची पहिली झलक दाखवली.

म्हणजे जुन्या वापरकर्त्याला जे प्रिय होतं ते चिनी गटाने येऊन घालवलं नाही. नॉर्वेच्या लोकांनी, नॉर्वेत बसून, आधीच आवरून ठेवलं होतं. खरेदीची बातमी आल्यावर त्याच महिन्यात प्रेस्टोवाल्या जुन्या ऑपेराची १२.१८ ही आवृत्ती आली, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी आणि फक्त विंडोजकरता. जुन्या घराला विकण्याआधी रंगाचा शेवटचा हात मारतात, तसं काहीसं.

आता थोडं गणित. एके काळी ऑपेरा विकत मिळायचा. २००० पासून 'जाहिराती बघा नाहीतर ३९ डॉलर भरा' असा मामला होता. सप्टेंबर २००५ मध्ये दोन्ही गेलं, ब्राउझर पूर्ण फुकट झाला. आनंदीआनंद! मात्र तेव्हापासून मुख्य कमाई शोधयंत्रांकडून यायला लागली. वापरणारा जे शोधतो त्याचे पैसे गूगलसारखी कंपनी देते. पुढे २०१६ च्या जुलैमध्ये गाडी अडली. लागणाऱ्या सरकारी मंजुऱ्या मुदतीत मिळाल्या नाहीत आणि १२० कोटींचा सौदा फिसकटला. मग नवीन सौदा झाला ६० कोटी डॉलरचा, आणि तो होता संगणकावरच्या व मोबाइलवरच्या ब्राउझरांचा, शिवाय ऑपेरा या नावाचा. तेव्हा कंपनी आपले वापरकर्ते ३५ कोटी सांगायची. भागाकार करा. माणशी पावणेदोन डॉलरही येत नाहीत. त्या वेळच्या दराने साधारण ११५ रुपये. जो माणूस एके काळी ३९ डॉलरचं गिऱ्हाईक होता, तो अकरा वर्षांनी पावणेदोन डॉलरचा माल झाला. गिऱ्हाईक रुसलं तर दुकानदाराला फरक पडतो. माल रुसत नाही.

आणि उरलेल्या नॉर्वेच्या कंपनीने स्वतःकडे काय ठेवलं? मुख्यतः मोबाइल जाहिरातींचा धंदा. लोकांचं प्रेम ज्यावर होतं ते विकलं. ऑपेरा हे नावच विकल्यामुळे पुढे त्या कंपनीला ओटेलो असं दुसरं नाव घ्यावं लागलं.

पासवर्डांच्या भीतीचं काय? ऑगस्ट २०१६ मध्ये ऑपेराच्या सिंक सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली आणि १७ लाखांवर लोकांना पासवर्ड बदलावे लागले. सौदा पुरा झाला नोव्हेंबरमध्ये. म्हणजे हे झालं तेव्हा मालक नॉर्वेचेच होते. कुलूप कच्चं असेल तर घरमालकाचा पासपोर्ट कुठला हे चोर विचारत नाही.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. भारतात ऑपेरा म्हणजे मुख्यतः ऑपेरा मिनी. नोकियाचे जावावाले फोन, केबीच्या हिशोबाने पैसे कापणारं जीपीआरएस, आणि त्यावर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन. तेव्हा पत्त्याच्या जागी 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' असं रोमन अक्षरांत टाकून एक पर्याय 'येस' केला, की मराठी पान चक्क वाचता यायचं! एसटीत बसून मराठी वाचणारे कितीतरी जण त्या एका 'येस'वर जगले. पण ते चालायचं कसं? पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जायचं. तिथे ते उघडलं जायचं, आवळलं जायचं, आपली अक्षरं फोनला समजत नाहीत म्हणून त्यांची चित्रं केली जायची, आणि मग ते फोनवर यायचं. बँकेचं पान असलं तरी तेच. फोन ते ऑपेरा कुलूपबंद, ऑपेरा ते बँक कुलूपबंद, पण मध्ये ऑपेराच्या सर्व्हरवर उघडं. कंपनी हे लपवत नव्हती.

संगणकावरच्या ब्राउझरचा मालक बदलला तर बाहेर काय जातंय ते निदान तपासता येतं, आणि नाहीच पटलं तर निघून जाता येतं. मिनीत मालकावरचा विश्वास हाच सगळा पाया होता. सर्व्हर ज्याचा, त्याच्या डोळ्यांखालून सगळं जाणार. तेव्हा आरडाओरडा केला तो प्रामुख्याने संगणकवाल्यांनी, ज्यांच्याकडे विवाल्दीपासून फायरफॉक्सपर्यंत चार वाटा होत्या. ज्यांचं जास्त काही पणाला लागलं होतं ते भारत, इंडोनेशिया, नायजेरियातले स्वस्त फोनवाले. त्यातल्या बहुतेकांच्या कानावर सौदा गेलाही नसेल.

आणि पुढचा वाद नेमका त्याच बाजूला उभा राहिला. २०१८ मध्ये नवी ऑपेरा कंपनी अमेरिकेत नॅसडॅकवर आली आणि केनिया, नायजेरिया, भारतात मोबाइलवरून झटपट कर्ज देण्याच्या धंद्यात शिरली. भारतातल्या ॲपचं नाव होतं कॅशबीन. जानेवारी २०२० मध्ये हिंडेनबर्ग रिसर्चने अवाच्या सवा व्याजाचा आणि गूगलचे नियम मोडल्याचा आरोप केला. कंपनीने अहवालात चुका आहेत म्हणून तो फेटाळला. त्याच वर्षी कर्जाचा धंदा तिने दुसऱ्या कंपनीकडे वळवला. कॅशबीन चालवणाऱ्या पीसी फायनान्शियल सर्व्हिसेसचे पैसे २०२१ मध्ये ईडीने गोठवले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिची नोंदणी रद्द केली. भीती होती पासवर्डची, प्रश्न आला कर्जवसुलीचा. धोका सांगून येत नाही तो असा.

मग त्या संतापातून शिकायचं काय? मालक परदेशी झाला म्हणून भडकण्यापेक्षा तीन प्रश्न आधीपासून विचारून ठेवावेत. माझा मजकूर मला कधीही बाहेर काढता येतो का? तो मध्ये कुठे उघडा होतो का? आणि कंपनीने अंग काढून घेतलं तर कोड दुसऱ्या कुणाला पुढे नेता येईल का? तिसऱ्या प्रश्नावर प्रेस्टो नापास झालं. त्याचा कोड कधी खुला केला गेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये तो चोरून महाजालावर आला, तर तो कॉपीराइटखाली काढून टाकला गेला. कुलूप लावलेल्या पेटीतच ते इंजिन गेलं. ज्यांनी जीव लावला त्यांना किल्ली मिळाली नाही, आणि ज्यांच्याकडे किल्ली होती त्यांना पेटीत रस उरला नव्हता.

विवाल्दी अजून आहे. तो कर्मचाऱ्यांच्या मालकीचा आहे, जुन्या ऑपेराच्या कितीतरी खोड्या त्यात आहेत. पण खाली इंजिन क्रोमियमचंच. घर आपल्या माणसांचं, जमीन मात्र गूगलची.

असो. आज वेळ असेल तर तुमच्या ब्राउझरमधून बुकमार्कची एक प्रत काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. कुठल्या सौद्याची बातमी कधी येईल सांगता येत नाही.