मोटारीतील आपत्कालीन सुटका साधने

मोटारीतील आपत्कालीन सुटका साधने म्हणजे अपघात, पूर किंवा आग अशा प्रसंगी बंद मोटारीतून बाहेर पडण्यासाठी वापरली जाणारी, हातात मावणारी अवजारे होत. काच फोडणारे टणक टोक आणि सीटबेल्ट कापणारे पाते हे त्यांचे मुख्य भाग असून बहुतेक साधनांत ते एकत्र आढळतात. बसच्या खिडक्यांजवळ अशा हातोड्या बसवलेल्या दिसतात. कौटुंबिक मोटारीत मात्र हे साधन सहसा मालकालाच निवडून ठेवावे लागते. ही निवड साधनाच्या किमतीपेक्षा मोटारीच्या खिडक्यांना कोणत्या प्रकारची काच आहे, यावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या विषयाची व्यापक चर्चा २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आलेल्या महापुरानंतर झाली. त्या वेळी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पाण्याने वेढलेल्या मोटारींत काचा बंद करून बसलेल्या काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर मोटारीत हातोडी ठेवण्याची सूचना मुंबईत वारंवार केली जाते. ही सूचना योग्य असली तरी अपुरी आहे. कारण घरगुती हातोडीचे तोंड चपटे असल्याने तिचा आघात मोठ्या पृष्ठभागावर विखुरला जातो आणि अरुंद जागेत बसून ती जोराने फिरवताही येत नाही.

काचेचे प्रकार

मोटारीत मुख्यतः दोन प्रकारची सुरक्षा काच वापरतात. टफन्ड किंवा टेम्पर्ड काच तापवून एकदम थंड केलेली असते. त्यामुळे तिचा बाह्य पृष्ठभाग दाबाखाली, तर अंतर्भाग ताणाखाली राहतो. तळहाताचा किंवा कोपराचा तडाखा ती सहज सोसते. परंतु अणकुचीदार टोकाने बाह्य थर एका बिंदूपाशी भेदला, की अडकलेला ताण मोकळा होऊन संपूर्ण काचेचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. काच फोडणारी साधने याच गुणधर्मावर चालतात.

लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवून केलेली काच होय. आघाताने तिला तडे जातात, पण ती जागची सुटत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एद्वार बेनेदिक्तुस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी अशा काचेचा शोध लावला. मोटारीची पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणून ती फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ ठरते. अलीकडे बाहेरचा आवाज अडवण्यासाठी, तसेच अपघातात प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये यासाठी, काही मोटारींच्या बाजूच्या खिडक्यांनाही लॅमिनेटेड काच बसवतात. सुरक्षिततेची ही सुधारणा सुटकेच्या मार्गात अडथळा ठरू शकते.

अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये सहा साधनांची चाचणी घेतली. त्यांपैकी चार साधनांनी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड काच मात्र एकाही साधनाला फोडता आली नाही. म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातील छापील खूण वाचणे आवश्यक असते. तेथे बहुधा काचेचा प्रकार रोमन लिपीत नमूद केलेला असतो; नसल्यास उत्पादकाकडे विचारणा करावी लागते. काही मोटारींत पुढच्या दारांच्या काचा लॅमिनेटेड आणि मागच्या टेम्पर्ड असतात, त्यामुळे एकच काच पाहून निष्कर्ष काढू नये. टेम्पर्ड काचेवर फिल्म चिकटवलेली असल्यास फुटल्यानंतरही तुकडे एकमेकांना धरून राहतात व ते बाहेर ढकलावे लागतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर घातलेल्या बंदीमागील कारणे वेगळी होती, परंतु सुटकेच्या दृष्टीने हा मुद्दाही महत्त्वाचा आहे.

साधनांचे प्रकार

टोकदार हातोडीला दोन्ही बाजूंना पोलादी टोके असतात. ती स्वस्त असते, मात्र हात मागे घेऊन घाव घालण्यास जागा लागते आणि पाण्याखाली घावाचा जोर ओसरतो. स्प्रिंगच्या पंचमध्ये टोक काचेवर टेकवून दाबले, की आतील स्प्रिंग सुटून टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाचे टोक काचेवर आदळते. त्यास फारसे बळ लागत नाही. वृद्ध व्यक्ती किंवा मोठे मूलही तो वापरू शकते. वर उल्लेखिलेल्या चाचणीतही टेम्पर्ड काचेवर हातोडीपेक्षा स्प्रिंगची साधने अधिक प्रभावी ठरली. आघात काचेच्या मध्यभागी न करता कडेजवळ, कोपऱ्यात करावा.

सीटबेल्ट कापणारे पाते खाचेत दडलेले असावे, म्हणजे घाईत अंगाला इजा होत नाही. पट्टा ताणून तिरका कापल्यास लवकर तुटतो. मोटार उलटली असेल, तर कापण्यापूर्वी एक हात छताला टेकवणे आवश्यक असते. अन्यथा प्रवासी डोक्यावर आपटतो.

हेडरेस्टचे दांडे काच फोडण्यासाठीच बनवलेले असतात, हा समज चुकीचा आहे. हेडरेस्ट उंची जुळवण्यासाठी व काढता यावे म्हणून तसे रचलेले असते.

पाण्यात पडलेली मोटार

सर्वांत कमी वेळ याच प्रसंगी मिळतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट यांच्या प्रयोगांनुसार मोटार साधारणपणे ३० सेकंद ते २ मिनिटे तरंगते आणि सुटका याच अवधीत व्हायला हवी. सीटबेल्ट सोडणे, खिडकी उघडणे, मुलांना आधी बाहेर काढणे व मग स्वतः निघणे, असा क्रम ते सुचवतात. दूरध्वनी बाहेर पडल्यानंतर करावा; भारतात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे.

दार उघडण्याचा प्रयत्न घातक ठरू शकतो. ०.८ चौरस मीटरचे दार सरासरी अर्धा मीटर खोल पाण्यात असेल, तर त्यावर सुमारे ४०० किलो वजनाइतका दाब पडतो. शिवाय दार उघडलेच तर पाणी वेगाने आत शिरून मोटार लवकर बुडते. विजेवरील काचा पाण्यात पडताक्षणी बंद पडतात असे नाही. मात्र पाणी खिडकीपर्यंत चढल्यावर काच चौकटीवर दाबली जाऊन सरकत नाही. म्हणून आधी बटण आणि ते निकामी झाल्यास लगेच पंच, हा क्रम योग्य ठरतो. सर्व काचा लॅमिनेटेड असतील व उघडत नसतील, तर उरलेल्या हवेच्या पोकळीत तोंड ठेवून आतबाहेरचा दाब समान होईपर्यंत थांबणे आणि मग दार ढकलणे एवढाच मार्ग उरतो. अशा मोटारीत पंचावर विसंबून राहण्यापेक्षा काच तत्काळ खाली घेणे अधिक महत्त्वाचे असते.

ठेवण्याची जागा आणि देखभाल

डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेले साधन सीटबेल्टने जखडलेल्या व्यक्तीच्या हाती लागत नाही. दाराच्या खिशात सुटे ठेवल्यास धडकेत ते दूर फेकले जाते. चालकाच्या आसनाजवळ पक्के बसवलेले साधन अधिक उपयुक्त असून मागे मुले बसत असतील, तर तेथेही दुसरे ठेवणे इष्ट असते. किल्लीच्या साखळीला अडकवायचे छोटे पंचही मिळतात. किल्ली चालकाच्या खिशात राहणाऱ्या मोटारींत मात्र पट्टा बांधलेला असताना ते काढणे अवघड जाते.

नकली वस्तूंचा धोका लक्षात घेऊन स्प्रिंगचा पंच मऊ लाकडाच्या तुकड्यावर दाबून पाहावा. टोकाची स्पष्ट खूण उमटायला हवी. दारांचे खटके विजेवर चालत असलेल्या मोटारींत हाताने दार उघडण्याचा पर्यायी खटका कोठे आहे, हे पुस्तिकेत पाहून कुटुंबातील सर्वांना दाखवून ठेवावे लागते; मागच्या दारांचा खटका काही वेळा आच्छादनाखाली असतो.