पूर्वजांच्या देशातील नवखेपण : बेने इस्राएलांच्या स्थलांतराचे एक भाषिक अंग

स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः परवाने, बोटींच्या याद्या आणि शिरगणतीचे आकडे यांचा आधार घेतो. परंतु एखादा समाज ज्या भूमीला शतकानुशतके आपली मूळ भूमी मानीत आला, त्याच भूमीत प्रथम पाऊल ठेवतो, तेव्हा ही साधने अपुरी पडतात. तेथे त्याला काय लाभले आणि काय मागे टाकावे लागले, याचा माग घरातल्या बोलण्यात अधिक स्पष्टपणे लागतो. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे १९४८ नंतर इस्रायलमध्ये झालेले स्थलांतर या दृष्टीने तपासण्याचा येथे विचार आहे.

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. कथेतील काळ कोणताही मानला, तरी समाज कुलाबा जिल्ह्यात पुरता रुजला होता यात शंका नाही. तेलाचा घाणा हा त्याचा मुख्य व्यवसाय. शनिवारी घाणा बंद म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, केहिमकर, दिवेकर ही आडनावे गावांवरून पडली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधले. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव समाजी हसाजी होते आणि प्रार्थनामंदिराला समाजात ‘मशीद’ म्हणत.

भाषाभ्यासकाला सर्वांत मोलाची वाटावी अशी सामग्री सणांच्या नावांत आहे. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे योम किप्पूर, तो ‘दारफाळणीचा सण’; कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीम हा होळीच्या सुमारास येतो, म्हणून ‘होळीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’. कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे करीत. यांपैकी एकाही नावात हिब्रू शब्द नाही. तरीही त्यांमागील दिनदर्शिका यहुदीच आहे. ग्रंथ आणि धर्मगुरू हाताशी नसताना ती ज्या आधारावर टिकली, तो आधार स्वयंपाकघर, घराचे दार आणि घाण्याची सुट्टी हा होता.

हिब्रू भाषेचे पद्धतशीर शिक्षण आले तेही मराठीच्या द्वारे. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. अशा रीतीने हिब्रू ही प्रार्थनेची भाषा झाली. बाजारहाट, भांडण आणि अंगाई यांची भाषा मराठीच राहिली.

१९४८ नंतर ही विभागणी एकाएकी मोडली. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावी वसलेल्या या लोकांना जी भाषा देवासमोर उच्चारावयाची, तीच दुकानदाराशी व मुकादमाशी बोलावी लागली. आधुनिक हिब्रूत महाप्राण व्यंजने नाहीत. ट आणि त यांचा भेद नाही. मराठी नावे तेथील लिपीत शिरताच त्यांचे कोपरे झिजले. याहून खोल गेलेला बदल सर्वनामांचा होता. मराठीत वडीलधाऱ्यास ‘तुम्ही’ म्हणावयाचे. बोलीतील हिब्रूत ‘अता’ आणि ‘अत्’ हा भेद स्त्री-पुरुषांचा आहे, आदराचा नाही. कचेरीतील तरुण कारकून आजोबांना एकवचनात संबोधतो, तो त्या भाषेच्या नियमानुसारच. परंतु मराठी कानाला ते अरेतुरे वाटते. अशा प्रसंगी भाषेचा नियम आणि माणसाचा उद्धटपणा यांतील सीमारेषा नवख्याला दिसत नाही.

प्रत्यक्ष अन्यायाच्या तक्रारीही होत्याच. काम, निवास आणि वर्णभेद यांबाबत असंतुष्ट झालेल्या काहींनी १९५१ मध्ये तेल अवीव येथे धरणे धरले आणि भारतात परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्ये शंभरावर लोक परत आले. पुढे त्यांतील बरेचजण पुन्हा इस्रायलला गेले. या येरझारेला चंचलपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः दोन्ही देश ‘आपले’ असण्याची ती किंमत होती.

यापुढील प्रकरण अधिक गंभीर आहे. या समाजाने विवाह व घटस्फोट यांचे धर्मनियम पूर्वी पाळले होते काय, अशी शंका मुख्य धर्मपीठाने उपस्थित केली आणि १९६२ च्या आदेशानुसार विवाहेच्छू बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेम येथे समाजाने तीव्र आंदोलन केले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेटचे विशेष अधिवेशन भरले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या शासनाने हे लोक सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका घेतली आणि आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले.

या वादाकडे केवळ धर्मशास्त्रीय प्रश्न म्हणून पाहिले, तर त्यातील विपर्यास सुटून जातो. ‘शनवार तेली’ या नावाने कोकणातील शेजाऱ्यांनी त्यांचे वेगळेपण विनासायास मान्य केले होते. मूळ भूमीत मात्र त्यांचे भारतीयपण आधी दिसले आणि यहुदीपण सिद्ध करावे लागले. ग्रंथाविना टिकलेली परंपरा ही ग्रंथनिष्ठ अधिकाऱ्याला अज्ञानाची खूण वाटली. आमच्या मते ‘दारफाळणी’सारखी नावे याच्या उलट साक्ष देतात. विधीचा हिब्रू शब्द विसरला गेला, पण विधी विसरला गेला नाही.

पुढील काळात इस्रायलमधील या समाजाने ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. एलिया संदेष्ट्याच्या नावे पोहे, खोबरे, साखर व फळे घालून केला जाणारा मलिदा आजही होतो. तेथे तो करणाऱ्या कुटुंबाचे कोकणी मूळ त्यावरून ओळखू येते. परंतु सणांची जुनी नावे व्यवहारातून जात आहेत, आणि ती सहज उच्चारणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास प्रकाशित व्हावयास १९३७ साल उजाडले. बोलीच्या नोंदींना चाळीस वर्षांची सवड नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी रायगडातील गावांत, ठाण्यात व मुंबईत उरलेल्या कुटुंबांपासून तरी हे काम हाती घ्यावे.