वऱ्हाडच्या काळ्या मातीतले जोडे आणि कार्बनचा हिशेब

१/ कीटकनाशके हाताळणाऱ्या कामगाराच्या अंगावर काय असावे, याची यादी भारत सरकारच्या १९७१ च्या नियमांत दिलेली आहे: संरक्षक अंगरखा, रबरी हातमोजे, धूळरोधक चष्मा आणि बूट. तरीही अमरावती-अकोल्याच्या कपाशीत साध्या चपलांवर किंवा अनवाणी फवारणी करणारे मजूर दिसतात. शेतकामाच्या या जोड्यांचा इतिहास आणि त्यांचा कार्बनचा हिशेब या धाग्यात पाहू.

२/ बलुतेदारीच्या काळात जोड्यांचा कच्चा माल गावातच मिळे. बैल म्हातारा होऊन मेला की त्याचे कातडे काढले जाई. ते चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमवायचे. त्याच कातड्यातून विहिरीची मोट होई आणि वहाणाही होत. मोबदला बहुधा सुगीच्या धान्याच्या रूपात मिळे.

३/ आजच्या मोजमापाने या वहाणेचा कार्बन ठसा फार लहान ठरतो. कातड्यासाठी म्हणून जनावर पाळलेले नसे. बैलाने आयुष्यभर नांगर ओढलेला असे. साल बांधावरच्या बाभळीची, ऊर्जा उन्हाची आणि हातांची. तळ तुटला तर नवा तळ शिवला जाई. वाहतूक म्हणजे शिवारापासून गावकुसापर्यंतची.

४/ पण या हिशेबात एक रकाना नाही. मेलेले ढोर ओढण्याचे काम महारांवर, कातडे कमावण्याचे ढोर जातीवर आणि वहाणा शिवण्याचे चांभारांवर जन्माने लादलेले होते. त्या कामाची दुर्गंधी आणि त्याला चिकटलेली अस्पृश्यता त्यांच्याच वाट्याला आली. किलोग्रॅममध्ये मोजलेला ठसा लहान होता. माणसांनी मोजलेली किंमत लहान नव्हती.

५/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला जागतिक मागणी आली आणि १८६७ पर्यंत अकोला-बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. रुळांवरून कापूस बाहेर जाऊ लागला, तसा कातड्यालाही गावाबाहेरचा बाजार खुला झाला. जगात त्याच शतकात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत आली. सालीने कित्येक आठवडे लागणारे काम फार थोड्या वेळात होऊ लागले, पण सांडपाण्याचा नवा प्रश्न उभा राहिला.

६/ मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. सवर्णांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत, असा ठरावही तेथे झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष तेच होते. ‘पर्यावरणपूरक’ वहाणेची जुनी साखळी ज्यांच्या खांद्यावर उभी होती, त्यांनीच ती नाकारायला सुरुवात केली. हा नकार न्याय्य होता.

७/ पुढे कारखान्यांचा माल आला. १९३४ मध्ये कोलकात्याजवळ बाटानगर वसले आणि कापडी-रबरी जोडे सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. जुन्या टायरचा तळ असलेल्या चपला खेड्यांत रुळल्या. मग प्लास्टिकची पादत्राणे आली: स्वस्त आणि पाण्याने न कुजणारी, पण बहुतेक तुटली की फेकायची. दुरुस्ती मागे पडली. ठसा वाढण्याचे हे मोठे कारण.

८/ हा ठसा किती? अमेरिकेतील एमआयटीच्या २०१३ च्या अभ्यासात धावण्याच्या एका साध्या बूटजोडीमागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड निघाला. त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग कच्च्या मालाचा नव्हे, तर कारखान्यातील प्रक्रियेचा होता. गमबुटाचा आकडा वेगळा असेल, पण अंदाज येतो: एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो वायू निघतो. म्हणजे १४ किलो हे जेमतेम पाच लिटर डिझेलएवढे झाले.

९/ आता दुसरा हिशेब. २०१७ च्या पावसाळ्यात अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. विष श्वासातून जाते, तसेच त्वचेतूनही जाते. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत औषध तोंडावर येते आणि ओल्या झाडांवरून पायांवर निथळते. १९७१ ची यादी कागदावर होतीच.

१०/ बूट असूनही तो का घातला जात नाही, यालाही कारणे आहेत. पावसाळ्यात वऱ्हाडची काळी माती पायाला ढेकळासारखी चिकटते. जड गमबूट आणखी जड होतो आणि दमट उकाड्यात पाय आत शिजतो. रोजंदारीवरच्या मजुराला तो विकत घेणे परवडत नाही. तरीही गरज केवळ फवारणीपुरती नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० च्या एका अभ्यासाने मांडला. त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन शेतकामाच्या दिवसांतले. दंश बहुतेकदा पायालाच होतो.

११/ म्हणून निव्वळ आकड्यांच्या मोजणीत एक फसगत आहे. सर्वांत लहान कार्बन ठसा अनवाणी पायाचा असतो, आणि वऱ्हाडात तो गरिबांनी निवडलेला नव्हता. एका जोडीचे किलो मोजण्याऐवजी तिने किती दिवस पाय राखला, हे मोजायला हवे. चार हंगाम टिकणारा, तळ बदलता येणारा, काळ्या मातीत चालता येईल इतका हलका बूट एका हंगामात फाटणाऱ्या चार स्वस्त जोड्यांपेक्षा पृथ्वीलाही हलका पडतो.

१२/ जुन्या वहाणेकडून घेण्यासारखे आहे ते दुरुस्तीचे शहाणपण. तिच्यामागची जातीची सक्ती नव्हे. आणि १९७१ च्या नियमाकडून घ्यायचे आहे ते त्यातले एकच साधे नाम: बूट. ते कागदावरून वावरात उतरायला अर्धे शतक पुरलेले नाही.