घोट्याजवळची जखम आणि शिरांच्या झडपा

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या किंचित वर, कातडी आधी तपकिरी पडते, मग ताठ होते आणि जरासे खरचटायचे निमित्त होऊन तिथे जखम चिघळते. ती महिनोन्‌महिने भरत नाही, भरली तरी पुन्हा उघडते. या जखमेचा युरोपातला इतिहास पाहिला तर उपाय कारणाच्या कितीतरी आधी हाती आला होता असे दिसते. तरीही कारण कळेपर्यंत तो उपाय अर्धवटच राहिला, असे माझे मत आहे. पायाला जखम असलेल्याने उभे राहू नये, हे हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांतच सांगितले आहे. मात्र वैद्यांवर पगडा होता तो शरीरातल्या चार द्रवांच्या कल्पनेचा. जखमेवाटे दूषित द्रव निघून जातो, ती बुजवली तर तो आत उपद्रव करील, या भीतीने जखमा वाहत्या ठेवण्यातच शहाणपण मानले जाई.

शिरांच्या आतल्या झडपांचे सविस्तर वर्णन पादुआच्या फाब्रिसियसने 1603 मध्ये छापले. त्याने त्या डोळ्यांनी पाहिल्या, पण अर्थ चुकीचा लावला: रक्त हातापायांकडे फार वेगाने धावू नये म्हणून त्या आहेत, असे त्याला वाटले. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये साधा प्रयोग मांडला. दंडाला पट्टी आवळायची, फुगलेल्या शिरेवर झडपांच्या गाठी दिसू लागल्या की बोटाने रक्त खाली, हाताच्या पंजाकडे ढकलून पाहायचे. ते झडपेपाशी अडते, हृदयाकडे मात्र सहज सरकते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन याने 1676 च्या ग्रंथात पायाच्या जखमेचे नाते फुगलेल्या शिरांशी जोडले आणि नाडीने आवळायचा चामडी मोजा वापरला.

इथे आक्षेप येईल की दाबाने जखम भरत होतीच, तर शरीररचनेच्या शोधाने रुग्णाला काय दिले? आक्षेप वजनदार आहे, कारण आजही घट्ट बँडेज हाच उपचाराचा पाया आहे. पण बँडेज सुटले की जखम परत का येते, याचे उत्तर चामडी मोज्यात नव्हते. लंडनच्या जॉन गे याने 1868 मध्ये दाखवले की वरच्या शिरा फुगलेल्या नसतानाही अशी जखम होते. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन गेली, तरी ती पुरे. म्हणजे दिसणारी शीर हा पुरावा होता, गुन्हेगार नेहमी तीच नव्हती. खरा दोष दाबाचा. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेत सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू रक्त वर रेटतात आणि तो बराच उतरतो. झडपा निकामी असतील तर तो उतरत नाही. यात पाऊलही भागीदार आहे, पण त्याच्याकडे लक्ष उशिरा गेले. तळव्याच्या कमानीत स्नायूंच्या मधून जाणाऱ्या शिरा पाऊल टेकताच ताणल्या जाऊन रिकाम्या होतात, हे गार्डनर आणि फॉक्स यांनी 1983 मध्ये दाखवले. घोटा आखडला, चालणे थांबले की हा पंप आणि पोटरीचा पंप, दोन्ही मंदावतात.

या ज्ञानाचा हिशेब आता आकड्यांत मांडता येतो. 2004 च्या एका ब्रिटिश चाचणीत केवळ दाबपट्टी बांधलेल्यांपैकी 28 टक्क्यांची जखम वर्षभरात परतली. ज्यांच्या बिघडलेल्या वरच्या शिरेवर शस्त्रक्रियाही झाली, त्यांच्यात हे प्रमाण 12 टक्के होते. जखम भरण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच होता. फरक पडला तो ती परतण्यात, आणि वाइजमनचा मोजा नेमका तिथेच अपुरा होता. पायाची प्रत्येक जखम शिरांचीच असते, असेही नाही. मधुमेह, कुष्ठरोग, रोहिण्यांतला अडथळा यांनीही ती होते, आणि रोहिणी अरुंद असताना पट्टी आवळली तर पाऊल गमवायची वेळ येऊ शकते. म्हणून घोट्याजवळची जखम हटत नसेल, तर नुसते मलम बदलत बसू नका. आधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्या, शिरांची डॉपलर तपासणी मागा आणि मगच पट्टी बांधून घ्या.