तीन सरकारी खुर्च्या

राजाबाई टॉवर सगळ्यांना माहीत असतो. प्रेमचंद रायचंद हे नावही बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. कापसाचा मोठा व्यापारी, शेअरबाजारातला नामांकित सटोडिया, आईच्या नावाचा मनोरा उभा राहावा म्हणून पैसे देणारा दानशूर... १८६५ च्या मुंबईतल्या 'शेअर मॅनिया'ची गोष्ट सांगणारा जो तो याच माणसापासून सुरुवात करतो आणि याच माणसापाशी थांबतो. मला त्या गोष्टीत जास्त रस वाटतो तो बँक ऑफ बॉम्बेच्या संचालक मंडळावरच्या तीन खुर्च्यांमध्ये. त्या सरकारच्या होत्या.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली बंदरं बंद झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग हिंदुस्थानच्या कापसाचे भाव असे चढले, की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला म्हणतात. चार-पाच वर्षांत मुंबईत सात-आठ कोटी पौंड जास्तीचे आले असा त्या काळचा अंदाज आहे. एवढा पैसा ठेवायचा कुठे? तर कंपन्या काढायच्या. १८६५ च्या जानेवारीत या एका शहरात ३१ बँका होत्या! समुद्र बुजवून जमीन करण्यासाठी काढलेल्या बॅक बे कंपनीचा शेअर पाच हजारांचा, त्याचा भाव पन्नास हजारांपर्यंत गेला. याच कंपनीचे ४०० शेअर आधी मुंबई सरकार स्वतः घेणार होतं. वरून कलकत्त्याच्या सरकारनं नको म्हटलं, म्हणून ते लिलावात काढले, तर एक कोटीहून जास्त प्रीमियम आला. आता सरकारच ज्या कंपनीत शिरू बघत होतं, ती बुडेल असं गिरगावातल्या कारकुनाला का वाटावं?

(माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली छापून आलं. आणखी दोन-तीन वर्षांनी आलं असतं, तर त्यात एक झकास प्रकरण वाढलं असतं.)

आता बँकेकडे येतो. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये निघाली. भांडवल सव्वाबावन्न लाख, त्यात सरकारचे तीन लाख. तीन लाख म्हणजे किरकोळच, पण त्याच्या बदल्यात नऊपैकी तीन संचालक सरकार नेमणार. पुढे सरकारी तिजोरीही याच बँकेकडे आली. त्यामुळे लोकांच्या लेखी ती सरकारी बँकच. कर्ज कशावर द्यायचं आणि कशावर नाही, याचे जुन्या सनदेत कडक नियम होते.

नोटा छापण्याचा हक्क सरकारनं १८६२ मध्ये बँकेकडून काढून घेतला, म्हणून बँकेसाठी नवा कायदा करावा लागला. तो १८६३ चा दहावा कायदा. त्यात जुनी बंधनं सैल केली आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायला वाट करून दिली. अख्खं शहर शेअरच्या मागे धावत असताना, बरं का! शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, मागणीनं भाव चढला की त्या चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज. यात लबाडी करावी लागते असंही नाही. नियम पाळूनच हे सगळं होत होतं, आणि हीच मला त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट वाटते.

लबाडी नव्हती असं मात्र नाही. बँकेचा सेक्रेटरी जेम्स ब्लेअर पुरता प्रेमचंदच्या मुठीत होता. प्रेमचंदनं शब्द टाकला की तारण नीट न बघता कर्जं सुटत. आणि मंडळ? मंडळ होतं की. बैठका होत होत्या.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला, युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे हिशेब पुरे करायचा दिवस होता. त्या दिवशी देणंही कोणाला जमेना आणि घेणंही. दिवाळखोरांसाठी वेगळा कायदा करावा लागला इतकी माणसं बुडाली. प्रेमचंद स्वतः १८६६ मध्ये बुडाला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २८५० पर्यंत चढला होता, तो ८७ ला विकला जाऊ लागला. जानेवारी १८६८ मध्ये बँक गुंडाळली. ठेवीदारांचे पैसे मिळाले, पण भागधारकांचं भांडवल जवळजवळ सगळं गेलं.

मग आपल्याकडे पुढेही होत आलं तेच झालं. चौकशी आयोग. सर चार्ल्स जॅक्सन अध्यक्ष, अहवाल १८६९ चा. तो अहवाल खरोखर स्पष्ट आहे, उगाच नावं ठेवणार नाही. बँक का बुडाली? तर १८६३ च्या कायद्यानं बंधनं काढली म्हणून, त्या मोकळीकीचा दुबळ्या आणि तत्त्वशून्य सेक्रेटऱ्यांनी गैरवापर केला म्हणून, संचालक निष्काळजी आणि नालायक होते म्हणून. पुढे आणखी दोन कारणं आहेत: काळच असाधारण होता, आणि चांगला कायदेशीर सल्ला मिळाला नाही. पहिल्या तिघांत माणसं दिसतात. चौथ्यात ती हळूच दिसेनाशी होतात. 'काळ असाधारण होता' हे वाक्य मी त्यानंतरच्या प्रत्येक बँकबुडीत ऐकलं आहे, २००८ मध्ये तर इंग्लंड-अमेरिकेत जो तो तेच म्हणत होता.

सर बार्टल फ्रियर हे तेव्हाचे गव्हर्नर. माणूस कर्तबगार, किल्ल्याच्या भिंती पाडून मुंबई मोकळी केली ती त्यांनी. पण नवा कायदा, तीन संचालक, सरकारी तिजोरी, हे सगळं त्यांच्या अमदानीतलं. टीका झाली, नाही असं नाही. मात्र बँक शेवटच्या घटका मोजत असताना, १८६७ मध्ये, ते विलायतेला परतले आणि इंडिया कौन्सिलचे सभासद झाले. वर किताबही मिळाला.

आमच्या एका मावशीचे पैसे काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेत अडकले (ती हे वाचते, म्हणून नाव घालत नाही). तिनं व्याजाबद्दल फारशी तक्रार केली नाही. ती एवढंच विचारायची, "अरे, बघायला कोणी होतं की नव्हतं?" होतं ना मावशी, दोघं होते. १९६६ पासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकही आणि सहकार खात्याचा निबंधकही. दोन घरचा पाहुणा उपाशी! २०२० मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले, तेही बऱ्याच मावशा रांगेत उभ्या राहून झाल्यावर. ठेवींचा विमासुद्धा असाच आला. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठे १९६२ मध्ये दीड हजारापर्यंतच्या ठेवींना संरक्षण मिळालं. आज ते पाच लाख आहे.

बँक ऑफ बॉम्बेच्या तीन खुर्च्यांवर बसलेल्यांबद्दल मला हेच वाटतं. भागधारक म्हणत असणार, सरकारची माणसं आहेत की, ती बघतील. सरकारची माणसं म्हणत असणार, आम्ही पडलो अधिकारी, बँकेचं काम त्या व्यापाऱ्यांना कळतं. व्यापारी संचालकांना तर त्या तेजीत स्वतःचे शेअर सांभाळायचे होते. तिकडे कलकत्त्याहून चौकशीची पत्रं येत होती, त्यांना मुंबईहून सावकाशीनं उत्तरं जात होती.

जुनी बँक गुंडाळली त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. पुढे १९२१ मध्ये ती इंपीरियल बँकेत मिळाली आणि १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली. म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांच्या पासबुकाची एक वंशावळ इथून निघते. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक्स अ‍ॅक्टनं कर्जावरची बंधनं परत आणली. आणि त्याच सुमाराला सरकारनं बँकेतला आपला हिस्सा विकला, तिन्ही खुर्च्या सोडल्या. तिजोरीचा पैसा मात्र याच बँकेत राहिला.