बावन्न किलोंच्या आत

१९४८ सालचा मे महिना. कोल्हापूर अजून संस्थान आहे. मुंबई प्रांतात विलीन व्हायला दहा महिने बाकी आहेत. पहाटे चारला तुम्ही तालमीची पायरी उतरता, चिमूटभर माती कपाळाला लावता आणि मारुतीसमोर हात जोडता. हौदा नुकताच उकरलेला आहे. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू असं सगळं मुरलेलं. त्याचा गार, आंबूस वास नाकात भरतो. तुमचं वय बावीस, वजन बावन्न-त्रेपन्न किलो. शेजारी जोर मारतोय तो ऐंशीच्या पुढचा गडी, आणि वस्ताद बोट दाखवतात ते नेमकं त्याच्याकडंच.

“धर त्याला. वजन बघू नको लेका, पाय बघ त्याचा.”

इथं कुणी काटा लावत नाही. जोड ठरते ती नजरेनं. वस्ताद मान बघतात, खांदा बघतात, मांडी चाचपतात आणि सांगतात कोण कुणाशी धरणार. हलक्या गड्याला रोज आपल्याहून जड माणसाशी झुंजावं लागतं. त्याचा भार अंगावर आला की संपलं, म्हणून तुम्ही भार येऊच देत नाही. पटात शिरता, निसटता, पाठीवर जाता. समोरच्यानं हात टाकेपर्यंत तुम्ही तिथं नसता. ही चपळाई हौस म्हणून आलेली नाही, जड अंगांखाली चेंगरता चेंगरता आलेली आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव याच वयाचा, याच बांध्याचा. राजाराम कॉलेजात शिकतोय. कॉलेजच्या स्पर्धेत त्याची अंगकाठी बघून क्रीडाशिक्षकांनी नाव घ्यायला नकार दिला होता. तो सरळ प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडं गेला, परवानगी घेऊन आला आणि आपल्याहून मोठ्यांना आस्मान दाखवलं. त्याची ढाक बघायची असेल तर पापणी लवू देऊ नका. मानेला हाताचा विळखा पडतो, कंबर वळते आणि समोरचा उलटा होऊन मातीत. आता हा पोरगा कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ऑलिंपिकसाठी लंडनला निघालाय. चला, तुम्हीही निघा.

जुलैअखेरचं लंडन. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली तरी शहर रेशनवर जगतंय. ऑलिंपिकच्या खेळाडूंना गोदीकामगार आणि खाणकामगारांइतकं जादा रेशन मंजूर झालंय. पण फ्लायवेटच्या पैलवानाला त्या जादा घासाचा काय उपयोग? अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये गाठ पडणार आहे आधी काट्याशी, आणि काटा ५२ किलोंच्या पुढं एक रतीही चालू देत नाही.

या गटातल्या कुणाही पैलवानाच्या अंगात शिरा. तो फिनलंडचा असो की तुर्कस्तानचा, आदल्या रात्रीची तहान सगळ्यांची सारखीच. अंगात चरबी उरलेलीच नाही, म्हणजे आता घालवायचं ते पाणी. दोन लोकरी स्वेटर चढवून तुम्ही पळता. पहिली पंधरा मिनिटं घाम धो धो येतो, बरं वाटतं. मग तो कमी होतो. मग थांबतो. कातडी कोरडी, तापलेली, आणि आत काळीज थाडथाड उडतंय. अजून दोनशे ग्रॅम जास्त. तोंडात लाळ चिकट झालेली, ती गिळायची नाही, डब्यात थुंकायची. कुणी लिंबाची फोड देतो, ती चोखायची आणि तीही थुंकायची. रात्री झोप येत नाही. डोळे मिटले की डोळ्यापुढं रांजण येतो. पहाटे पोटरीत गोळा येतो आणि तुम्ही ओरडता ते दातांखाली टॉवेल धरून. सकाळी अंगावरचा लंगोटही सोडून काट्यावर उभं राहता. श्वास रोखल्यानं वजन उतरत नाही हे माहीत असतं, तरी रोखताच.

आता उतरा, घोटभर पाणी प्या आणि लढा.

खाशाबाच्या पायाखाली आज मातीऐवजी मॅट आहे, जिची त्याला सवय नाही. नियमही परके. अमेरिकेचा माजी विजेता रीस गार्डनर त्याला चार गोष्टी शिकवतोय. तरीही ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस पहिल्या काही मिनिटांत गारद. मग अमेरिकेचा बिली जर्निगन. इराणच्या मन्सूर रईसीपुढं मात्र तो हरतो आणि जगात सहावा येतो. कोल्हापूरच्या हौद्यातून आलेला पोरगा, पहिल्याच खेपेला!

इतक्यात परतू नका. आठवड्याभरात याच शहरात मुष्टियुद्ध सुरू होतंय आणि तिथल्या फ्लायवेटची मर्यादा ५१ किलो. अर्जेंटिनाचा पास्कुअल पेरेझ बघा, उंची जेमतेम पाच फूट. वजन जास्त भरलं म्हणून त्याला बाद करायचीच वेळ आली होती. मग उलगडलं की अधिकाऱ्यांनी त्याच्याच संघातल्या वरच्या गटातल्या पारेसशी त्याची गल्लत केली होती. काट्याच्या कटकटीतून सुटलेला हा माणूस रिंगणात ठोशांची सरबत्ती करतो आणि सुवर्ण घेऊन जातो. सहा वर्षांनी टोकियोत तो विश्वविजेता होईल. लोकांना एका ठोशात आडवा करणारा हेवीवेट आवडतो. मला विचाराल तर ठोसे, पाय आणि श्वास तिन्ही शेवटच्या घंटेपर्यंत सारख्या वेगानं चालताना बघायचे असतील, तर ते या चिमुकल्यांच्यात.

चार वर्षं पुढं या. १९५२, हेलसिंकी. खर्डेकरांनी राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकून खाशाबाला पाठवलंय. यावेळी तो ५२ मध्ये नाही, वरच्या ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरलाय. जपानच्या इशीईबरोबर लांबलेली कुस्ती थोडक्यात हरला, आणि लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावणं आलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमातच होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. तरीही कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर खाशाबानं कुस्त्यांचे फड लावून खर्डेकर सरांचे पैसे फेडले.

आता एकदम ऑगस्ट २०२४, पॅरिस. नियम बदललाय: दोन दिवस कुस्ती, दोन्ही सकाळी वजन. विनेश फोगटनं ५० किलोंत तोवर आंतरराष्ट्रीय कुस्ती न हरलेल्या युई सुसाकीला हरवलं, अंतिम फेरी गाठली, रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले. सकाळी १०० ग्रॅम जास्त. बाद. दुसऱ्याच दिवशी खाशाबाच्याच ५७ किलोंच्या गटात अमन सेहरावतचं वजन उपांत्य कुस्तीनंतर साडेएकसष्ट भरलं. दहा तासांत ४.६ किलो उतरवून तो काट्यावर आला आणि कांस्य जिंकला. त्याला उपांत्य फेरीत हरवून पुढं सुवर्ण नेणारा रेई हिगुची २०२१ च्या पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅमनं बाद झालेला होता.

या जिद्दीपुढं मान लवते. पण ती बघून कुणी हुरळून जाऊ नये. अमनच्या पाठीशी अख्खं पथक रात्रभर जागं होतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले, तेव्हा कुठं तिथले नियम बदलले. पाणी आटलं की रक्त घट्ट होतं, अंग तापतं, मूत्रपिंड आणि हृदय साथ देत नाहीत. विशीतल्या दणकट शरीराचंही तेच होतं.

म्हणून आजच्या कोल्हापुरात परत आल्यावर दोन गोष्टी करा. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्त्या लागल्या, की मोठ्या जोडीसाठी संध्याकाळी न जाता दुपारीच जाऊन बसा. हलगीच्या पहिल्या ठेक्यावर पोरासोरांच्या, हलक्या गड्यांच्या कुस्त्या लागतात, त्या बघा आणि हात राखून टाळ्या वाजवू नका.

आणि वस्ताद, पालक, तुम्हाला कळकळीची विनंती. वाढत्या वयाचं पोर खालच्या गटात बसावं म्हणून त्याचं पाणी तोडू नका. खाशाबाला पदक मिळालं ते वरच्या गटात. तुमच्याही लेकराला पोटभर खाऊ-पिऊ घाला आणि वरच्या गटात खेळवा.